हडप्पातल्या मुलीचा आवाज

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ऑफिसातल्या कुणाला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरं सांगू? कारण तुम्ही मला उलटं काही विचारू शकत नाही.

सांगलीत, विश्रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे. मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. सगळ्यात जास्त चाललेला खेळ म्हणजे 'मातीखालचं शहर'. त्यात एक हडप्पातली मुलगी मुलांना आपलं शहर फिरवून दाखवते. धान्याची कोठारं, झाकलेली गटारं, मणी घडवणाऱ्यांची गल्ली. मुलांनी विटा रचायच्या, गटार तुंबलं तर मोकळं करायचं, मग पुढचं दार उघडतं. पुढे इजिप्त येतं, मेसोपोटेमिया येतं. पण मुलं रमतात ती त्या मुलीपाशीच.

तिला आधी सानिकाचा आवाज होता.

सानिका माझ्या धाकट्या भावाची, विलासची मुलगी. आमचं गाव विट्याजवळ. गावातले निम्मे पुरुष गलाईवाले, म्हणजे परमुलखात दुकान टाकून सोनं वितळवून शुद्ध करून देणारे. विलासचं दुकान तिकडे तमिळनाडूत, सेलमला. पोरीला तो बघायचा दिवाळीला आणि जत्रेला. बाकी वर्षभर फोनवर तिचा आवाज, एवढाच काय तो बाप-लेकीचा संसार.

ती पाचवीत होती. मीच म्हटलं, बोलशील का गं खेळात? रेकॉर्डिंग गावातल्याच घरात केलं. बाहेरचा ट्रॅक्टरचा आवाज येऊ नये म्हणून दोरीवर वाकळा टाकल्या, आणि आम्ही दोघी त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलो. घामानं निथळत होतो. मी लिहून दिलं होतं, 'हे आमचे धान्यकोठार आहे.' पोरीनं ते वाचलं, नाक मुरडलं, आणि माइकपुढे म्हणाली, "हितं आमी धान्य ठेवतो. पाय पुसून आत या." मण्यांच्या गल्लीत तर लिहिलेलं काहीच वाचलं नाही. "हात लावू नगा, फुटलं तर आई मला मारंल." मी हसून हसून लोळले. वाटलं, हीच ती! हजारो वर्षांपूर्वीची पोर अशीच बोलत असणार.

असं वाटलं होतं मला. हे लक्षात ठेवा.

साताऱ्याच्या एका शाळेत खेळ करून बघायला गेलो. "पाय पुसून आत या" म्हटल्यावर बाकावरच्या पोरांनी खरोखर फरशीवर पाय घासले. तिथले गुरुजी मला म्हणाले, ही पोरगी सोडू नका. एकाही माणसानं, एकाही मुलानं भाषेबद्दल एक शब्द काढला नाही.

मग मी काय केलं?

परत येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच चित्र. पुढच्या महिन्यात खेळाला पैसे देणारी पुण्याची माणसं तो बघायला येणार, मी समोर उभी, आणि स्पीकरमधून 'हाय' आणि 'न्हाई'. ते एकमेकांकडे बघणार. कॉलेजात पहिल्या वर्षाला मी वर्गात उठून "सर, मला म्हाईत न्हाई" म्हणाले होते, तेव्हा मागचे दोन बाक असेच एकमेकांकडे बघत होते. त्यानंतर मी जीभ घासूनपुसून घेतली. गावाकडची माणसं ऑफिसात आली की त्यांना लगबगीनं बाहेर चहाला नेणारी मी. आता माझ्याच घरातला आवाज भर सभेत—

ऑफिसात येऊन सांगितलं, साताऱ्याच्या शाळेची तक्रार आहे, आवाज बदला. धडधडीत खोटं. माझ्याबरोबर खेळ बनवणारे दोघे हळहळले, एक तर भांडलाच माझ्याशी. मी ठाम. सांगलीतलीच नाटकात काम करणारी एक मुलगी बोलावली आणि दुपारभरात सगळं नव्यानं करून घेतलं. सानिकाला कळवलं नाही. सांगू, सांगू म्हणत राहिले. खेळ बाहेर आला तरी सांगितलं नव्हतं.

आणि विलासचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं खेळ दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतला होता, मोठे स्पीकर जोडले होते. आपल्या भागातले गलाईवाले कामं टाकून गोळा झाले होते, कुणी पेढे आणले होते. एका चौकोनात ते सगळे, एकात गावाकडे सानिका आणि तिची आई, एकात मी. सानिकानं केसांना रिबिनी बांधल्या होत्या. फोन होता तो, तरी ती उभी राहिली होती.

मी तेव्हाही बोलू शकत होते. थांब रे विलास, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

शहर उघडलं. मुलगी पुढे आली. "नमस्कार! मी तुम्हाला माझे शहर दाखवते."

विलासनं आवाज वाढवला. मग पुन्हा सुरुवातीपासून लावलं, जणू त्याचंच काहीतरी चुकलं होतं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, ही कोन? आमची पोरगी कुठं हाय?"

आणि मी म्हणाले, "तिला जमलं नाही रे. शब्द खाते ती. सगळं परत करावं लागलं."

मी असं म्हणाले. त्या सगळ्या माणसांसमोर. ती ऐकत असताना.

विलासचा चेहरा पडला. "काय गं? जमलं न्हाई व्हय तुला?"

सानिका माझ्याकडे बघत होती. पडद्यावर कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही म्हणतात. मला कळलं. अकरा वर्षांची पोर. वाकळांच्या आड मी कशी लोळून हसले होते, ते तिनं पाहिलं होतं. ती म्हणाली, "व्हय पप्पा. आत्यानं लय समजावलं. माझंच चुकलं."

मी ते खोडून काढलं नाही. मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. लाज नंतर आली, आधी आली ती सुटकाच.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण विलास म्हणाला होता, दिवाळीला आलो की तिचं जुनं ऐकव, कुठं चुकतंय ते तरी बघू. मग मी ते मूळ रेकॉर्डिंग शोधून सगळीकडून पुसलं. ऑफिसातल्या मशीनमधून, माझ्या लॅपटॉपमधून, फोनमधूनसुद्धा. पुसण्याआधी एकदाही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर हात चालला नसता, आणि मला तो चालवायचा होता. दिवाळीला सांगितलं, मशीन बिघडलं, सगळं गेलं. पाचवीतल्या सानिकाचा आवाज आता कुठेच नाही. वर्षभर फोनवर त्या आवाजावर जगणाऱ्या बापापाशीही नाही.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला तिनं शाळेत भाषण केलं नाही. दरवर्षी करायची. विचारलं की डोकं दुखतंय म्हणायची. आता ती अकरावीला आहे, माझ्याकडेच राहते, विश्रामबागेतल्या कॉलेजात जाते. बोलते अगदी बातम्या देणाऱ्या बाईसारखी. आईशी, आजीशी, सगळ्यांशी तशीच. आजी गोंधळते आणि तिला चुकून 'अहो' म्हणते. घरात सगळे हसतात. मीही हसते.

मागच्या आठवड्यात विलासचा फोन आला. स्पीकर चालू होता, सानिका समोरच शेंगा सोलत बसली होती. तो खुशीत होता. "आक्का, पोरगी काय बोलतीया गं! तू व्हतीस म्हणून. न्हाईतर आमच्यासारखीच अडाणी ऱ्हायली असती. तुझं लय उपकार हाईत बघ."

सानिकानं मान वर केली नाही. "हो पप्पा," ती म्हणाली, "आत्यामुळेच."

मी म्हणाले, "असू दे रे. त्यात काय एवढं."