पदर सावरताना गेलेला गोल

मला आयुष्यात एकदाच पगार मिळाला, तोही साखरेचा. तेव्हा साखर रेशनवर मिळायची आणि मी फुटबॉल खेळून किलोभर घरी आणायचे. हे सांगितलं की नाती मोबाईलमधून मान वर काढतात, “आजी, फेकू नकोस” म्हणतात आणि परत मान खाली घालतात.

राहुरीकडे आमच्या साखर कारखान्याभोवती चार गावं. शाळेत नव्या बाई आल्या होत्या, नगरला शिकताना फुटबॉल खेळलेल्या. त्यांनी चार गावांतल्या मुलींचे चार संघ केले, कारखान्याच्या साहेबांना गळ घातली आणि दर रविवारी सामना सुरू झाला. खेळणारीला एक किलो साखर, जिंकणारीला दोन. पहिल्या सामन्याला फक्त आमचे बाप आले, तेही कोण हसतंय ते बघायला. चौथ्या सामन्याला बैलगाड्या सोडायला जागा उरली नाही.

मी आमच्या गावची गोलकीपर. परकर खोचून दोन बांबूंमध्ये अशी उभी राहायचे, जणू मुळा नदीवरचं धरण माझ्याच जिवावर बांधताहेत. खरं तर आमच्या पोरी चेंडू माझ्यापर्यंत येऊच द्यायच्या नाहीत. मी नुसती साखर खात होते आणि भाव खात होते.

मग लगीनसराई आली. बाईंनी एका रविवारी संघाची यादी करावी, तर पुढच्या रविवारी त्यातल्या दोघी-तिघींवर अक्षता पडलेल्या. माझंही लग्न झालं, तेही शेजारच्या गावात. माहेरचा शेवटचा सामना नेमका त्याच गावाशी आणि त्यांची गोलकीपर लग्न होऊन कोपरगावकडे गेलेली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, निकाल देऊन टाकला.

“आता तू आमची. गोलात हुबी ऱ्हा. तुज्या म्हायेराला साखर लई झाली!”

सासरे एवढंच म्हणाले, “खेळू दे. पन डोईवरचा पदर पडता कामा न्हाई.”

नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि माहेरच्या विरुद्ध उभी राहिले. सामना बरोबरीत चालला होता. शेवटी शेवटी आमच्या एकीने हाताने चेंडू अडवला आणि बाईंनी माहेरच्या संघाला पेनल्टी दिली. मारायला आली माझी मैत्रीण, लहानपणापासून माझ्याबरोबर चिंचा पाडणारी. तेवढ्यात मागून आवाज आला, “सूनबाई, भिऊ नगं!” सासरे कौतुकाने थेट गोलामागे येऊन उभे होते. मी दचकले, पदर खोच्यातून सुटून मानेवर आला. समोरून चेंडू निघाला होता आणि माझे दोन्ही हात, शहाण्या सुनेसारखे, डोक्यावर पदर घेत होते.

गोल झाला. मैत्रिणीने उडी मारली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

“म्हायेराला गोल आंदन दिला!” सासरच्या बाया म्हणाल्या. आत्याबाई तरातरा एकट्याच पुढे घरी निघून गेल्या. पुढे वर्षभर आडावर, दळणाला, हळदीकुंकवाला तोच टोमणा. मी मुद्दाम सोडला नाही, हे कुणाला पटेना. मैत्रिणीलाही तिकडे ऐकवत, की तुझा गोल फुकटचा. एक दिवस सासरे दारात खाकरले. मी पदर घेईपर्यंत बाहेरच थांबले आणि तिथूनच म्हणाले, “चूक माजी हाय. म्या तिथं हुबं ऱ्हायला नको हुतं.”

दुसऱ्या वर्षी दोनच संघ उरले, माहेर आणि सासर. बाकी दोन गावांत अकरा पोरी जमेनात. पावसाने दगा दिला होता, ऊस वाळत होता. एवढा एक सामना, पुढे साखर नाही, असं कारखान्याने कळवलं. मला साखर नकोच होती. सासरच्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढंच हवं होतं.

सासरे आले ते सरळ मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि खेळाकडे पाठ करून लिंबाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही एका गोलाने पुढे होतो. शेवटी मैत्रीण एकटी चेंडू घेऊन आली आणि असा मारला की वर्षभराचे टोमणे त्यात होते. मी आडवी झेपावले. पदर कुठे गेला, कुणास ठाऊक. चेंडू पोटाशी होता आणि आत्याबाई ओरडत होत्या, “माजी सून हाय ती! माजी!”

मैत्रिणीने मला हात देऊन उठवलं. “आता फिटलं गं,” म्हणाली. पुढे दुष्काळात त्याच मैदानावर खडी फोडायचं काम निघालं, तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसायचो.

पण त्या दिवशी घरी येऊन पाण्याची घागर उचलली, तर सासरे गोठ्यात होते.

“अडिवला म्हनं?”

“व्हय, मामा.”

“कसा?”

आता हे तोंडाने कसं सांगणार? मी घागर खाली ठेवली आणि अंगणात तशीच झेप घेऊन दाखवली. पदर पार पाठीवर. मामा बैलाच्या शिंगांकडे टक लावून बघत होते.

“लई भारी,” ते बैलाला म्हणाले.