भावोजींचा कार्बोरेटर

भावोजींनी मिलिटरीच्या भंगारातून ट्रकचा कार्बोरेटर आणला, तेव्हा मी कपाळावर हात मारला. लाडवांच्या डब्याएवढा होता हो तो! आणि माझं इंजिन छोट्या विलायती गाडीचं.

खोपटला आमच्या घरामागच्या शेडमध्ये मी वर्षभर त्या इंजिनाशी झटत होतो. चारही पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोलून, घासून सारख्या वजनाचे केले होते. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, त्याला मानवेल असा कॅमशाफ्ट घातला, आणि त्या कॅमशाफ्टला मानवेल असा कार्बोरेटर. यातला एक बदला की सगळंच बिनसतं. कल्याणजवळ लढाईच्या वेळची धावपट्टी होती, तिथे दिवाळीआधी शर्यत होती. ती जिंकली तर मुंबईतला एक गॅरेजवाला मला शर्यतीच्या गाड्या बांधायला ठेवून घेणार होता. कचेरीतल्या कारकुनीतून सुटका!

"भावोजी, याचं तोंड फार मोठं आहे," मी परोपरीने सांगितलं. "माझं इंजिन एवढी हवा ओढणार नाही, मग पेट्रोल नीट यायचं कसं?"

"अरे, मोठं तोंड म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणजे जास्त जोर! एवढं साधं कळत नाही?"

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "जावईबापूंनी हौसेने आणलंय. नाही म्हणालास तर राग कुणावर निघेल, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. आदल्या दिवाळीला आहेराचं धोतर मनासारखं नव्हतं, तर त्यांनी ताईला वर्षभर माहेरी पाठवलं नव्हतं. जावयाचा मान म्हणे! पंगतीत चांदीचं ताट मांडा, पहिलं त्यांना वाढा, माझं काही म्हणणं नाही. पण इंजिनात कसला आलाय मान? चरफडत मी माझा कार्बोरेटर उतरवला आणि त्यांचा चढवला. माजिवड्याच्या रस्त्यावर गाडी पळवून पाहिली. सुटतानाच गुदमरत होती. पेट्रोल सोडणारे जेट बदलले, हवा कमी-जास्त केली, काही म्हणजे काही उपयोग झाला नाही.

शर्यतीच्या दिवशी निशाण पडलं, मी पाय दाबला, गाडी खोकली आणि बाकीचे धुरळा उडवत निघून गेले. तिने वेग धरला तोवर शर्यत संपत आली होती. मी शेवटून पहिला आलो. गॅरेजवाला दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडून वाकून बघत होता. माझ्याकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

भावोजी मात्र खुशीत. "आवाज काय दणदणीत होता! तुझ्या पिस्टनांतच काहीतरी खोट असणार," म्हणाले. मी दातओठ खात हत्यारं पेटीत भरायला लागलो.

दिवाळीला ते स्वतः ताईला सोडायला आले. "राहू दे महिनाभर," आईला म्हणाले. आईला आभाळ ठेंगणं झालं.

एका सकाळी मी कचेरीला निघालो, तशी ताईने डबा हातात देत हळूच विचारलं, "का रे, तुझाच कार्बोरेटर असता तर जिंकला असतास?"

"हो," मी म्हणालो. मनात इतका राग होता की तिच्यासाठीसुद्धा खोटं बोलता आलं नाही. ती तशीच दारात उभी राहिली आणि मी कारकुनी करायला गेलो.