लग्नाच्या डब्यावरच्या रेघा

माझा माणसांवर विश्वास कमी, आणि रेघांवर त्याहून कमी. पुड्यावर, डब्यावर बारकोडच्या ज्या उभ्या रेघा असतात, त्या तपासणं हा माझा धंदा. धाराशिवात एका पॅकिंगच्या कारखान्यात बसतो. यंत्राखाली नमुना धरायचा; रेघ पुसट आहे का, बाजूची कोरी जागा कुणी खाल्ली आहे का, हे बघून यंत्र शाळेसारखी श्रेणी देतं. या कामानं नजर इतकी नासली आहे, की लग्नात नवरीच्या शालूचे काठ बघितले तरी वाटतं, हे काउंटरवर वाचलं जाईल का? बायको म्हणते, उद्या झेब्रा दिसला तर त्यालाही यंत्राखाली धराल. धरीन. झेब्र्याचा तरी काय भरवसा?

तेरला आमच्या नात्यातल्या एक वहिनी खव्याचे पेढे करतात. तेरहून एसटीत चढताना एक पेढा तोंडात ठेवला, की धाराशिवच्या स्टँडवर उतरेपर्यंत माणूस कुणाशी भांडत नाही. कंडक्टरनं सुट्टे मागितले तरी नाही. त्या पेढ्यांना लातूरच्या एका मोठ्या दुकानानं पहिल्यांदाच दारात घेतलं होतं, तेही लग्नसराईच्या डब्यांसाठी. माल पोचला आणि दुकानातून फोन आला: तुमचे डबे काउंटरवर वाचलेच जात नाहीत. परवापर्यंत वाचणारे डबे द्या, नाहीतर माल उचला आणि पुन्हा पाठवू नका.

वैशाखातलं ऊन, खव्याचा माल, त्यात परवा. वहिनी सकाळच्या पहिल्या गाडीनं माझ्या कारखान्यात हजर. हातात रिकामा डबा.

"भावजी, हे बघा." त्यांनी मोबाइल रेघांवर धरला. पेढ्याचं नाव पडद्यावर आलं. "वाचतंय का न्हाय?"

"वाचतंय."

"मग त्यो दुकानदार खोटं बोलतोय. त्याला दुसऱ्या कुणाचा तरी माल घ्यायचाय."

मलाही तेच वाटलं. मला नेहमीच तेच वाटतं. तरी डबा यंत्राखाली धरला. यंत्रानं शेवटची श्रेणी दिली, नापासाची. वर कारण दिलं, की रेघा आणि कागद जवळजवळ सारखेच उजळ आहेत. आता समोर ठळक काळ्या रेघा, खाली पांढराशुभ्र कागद, आणि हे म्हणतं सारखेच. लातूरवाल्यानं यंत्रालाही फोन केला असावा. मी साबणाचा पुडा धरला: पास. बिस्किटाचा: पास. पुन्हा डबा: नापास. मग मी टेम्पोवाल्याचा संशय घेतला, की यानं वाटेत डबे बदलले. मग वहिनींच्या जावेचा घेतला. वहिनी म्हणाल्या, "ती माहेरी हाय." म्हटलं, माहेरी असणं हाच पुरावा.

"डबे छापले कुणी?" मी विचारलं.

"तुमच्याच गावात. लग्नपत्रिकावाल्या चाचांनी. लई चांगलं छापत्यात."

म्हटलं, सापडला.

दोघं छापखान्यात गेलो. चाचा मशीनला तेल देत होते. मी डबा पुढं केला आणि आवाज शक्य तितका फौजदारासारखा केला.

"चाचा, या रेघांत काय मिसळलं?"

"मिसळलं काय? मेहनत." त्यांनी चष्मा वर केला. "शाई मी स्वतः घोटली. कुंकवाचा लाल घ्यायचा आन् गडद करत करत पार काळ्याच्या दारात न्यायचा. आत सोडायचा नाही."

"काळीच का नाही वापरली?"

चाचा माझ्याकडं असे बघत राहिले, की जणू मी मांडवात उलटी चप्पल घेऊन शिरलोय. "लग्नाच्या डब्यावर काळं? बाबा, इथं लग्नाच्या कागदाला काळी शाई कधी शिवली न्हाय. नवरीची आई दारात येऊन उभी राहील."

"बरोबर हाय चाचांचं," वहिनी लगेच फितूर झाल्या.

मी डबा दारात उन्हात नेला. रेघा काळ्या नव्हत्याच. वाळलेल्या रक्तासारख्या, गर्द तांबड्या. ट्यूबलाइटखाली त्यांनी मला, रेघांवर पोट भरणाऱ्या माणसाला, सरळ फसवलं होतं. काउंटरवर रेघा वाचणाऱ्या बंदुकीचा उजेड लाल असतो. त्याला लाल रेघ कागदासारखीच दिसते. मोबाइलचा कॅमेरा सगळे रंग बघतो, म्हणून तो वाचतो. खात्रीसाठी मी पिशवीतला कामाचा लाल दिवा काढला आणि कागदाच्या कोठीत दार लावून डब्यावर धरला. रेघा फिकटल्या, एकमेकींत मिसळल्या, जवळजवळ दिसेनाशा झाल्या. वहिनींनी डबा माझ्या हातातून ओढून घेतला आणि पाठीमागून बघितला, पलीकडं गेल्या का म्हणून.

"आता काळी पट्टी चिकटवावी लागंल," मी म्हणालो.

"न्हाय," वहिनी म्हणाल्या.

"न्हाय," चाचा म्हणाले.

"मग पेढे परत आणा."

वहिनी डब्याचं झाकण नुसतं उघडत-मिटत राहिल्या. मला त्यांच्या हातांकडं बघवेना. हातात गच्च हिरवा चुडा होता. म्हटलं, "चाचा, गर्द हिरवा आहे का? लाल उजेडाला हिरवा रंग काळाच दिसतो."

"हिरव्याला कोण नाही म्हणतंय," चाचा म्हणाले आणि शाईचा डबा उघडला.

कारखान्यात परतून हिरवा नमुना यंत्राखाली धरला, पहिली श्रेणी. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा पहिली. तेव्हा कुठं चाचांनी हिरव्या रेघांच्या चिठ्ठ्या छापल्या. वहिनी टेम्पोतून लातूरला गेल्या आणि दुकानाच्या गोदामात बसून प्रत्येक डब्यावर स्वतःच्या हातानं चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांचा फोन आला.

"भावजी, घेतला माल. म्हणतोय, वाचलं."

"म्हणतोय? आवाज ऐकवा."

त्यांनी फोन काउंटरकडं धरला. टिंग. टिंग. टिंग. टिंग.

"एकाच डब्यावर चार वेळा करत असेल," मी म्हणालो.

"तेच म्या बी म्हणलं त्याला," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर इथंच खुर्ची टाकून बसलीय."