रुमालाखालचा भाव

एसटीत मी सहसा कुणाशी बोलत नाही. पण वडवणीहून बीडला जाताना शेजारच्या शेळीपालकाच्या मोबाईलवर बोकडाचा फोटो होता आणि तो खांद्यावरच्या रुमालानं सारखी त्याची काच पुसत होता. बोकडांची जाहिरात तो स्वतःच ऑनलाइन करायचा. ती नीट जमावी म्हणून त्यानं बीडला क्लास लावला होता.

"पयल्या जाहिरातीत भाव टाकलाच न्हाई," तो म्हणाला.

"कावून?"

"बाजारात चार लोकांत भाव बोलतेत का कुठं? रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा. हितं मात्र जो तो भाव बघायला क्लिक करायला लागला. दर क्लिकला पैसे आपले कटतेत. बोकड एक बी इकला न्हाई."

आता तो भाव जाहिरातीतच लिहितो. क्लिक कमी झाले, पण येतो तो घ्यायलाच येतो.

"मग सुटतं का काही?" मी विचारलं.

त्यानं मागच्या सीटकडं पाहिलं, माझ्या हातावर रुमाल टाकला आणि खालून माझी दोन बोटं घट्ट दाबली.

दोनशे की दोन हजार, मला अजून कळलेलं नाही.