उसनं दिलेलं आडनाव

आमचं आडनाव जहागीरदार. जहागीर केव्हाच गेली. राहिलं ते आडनाव आणि सासऱ्यांचा ताठा. कुठल्याशा सरदाराच्या पदरी पूर्वजांनी तलवार गाजवली म्हणून तापीकाठची गावं इनाम मिळाली, असं ते सांगायचे. पुढच्या खेपेला तलवारीच्या जागी घोडे यायचे. सारंगखेड्याच्या यात्रेत एखादं उमदं जनावर दिसलं की घोड्यांची गोष्ट ठरलेलीच. मी पदराआड हसायचे. पपईच्या शेतात राबणाऱ्या बाईला जहागीरदारीण म्हणणं ही थट्टाच होती.

हे आडनाव एका मुलाचं नाव झालं, ते मात्र थट्टेत नाही.

आमच्या शेतावर सालाने राहणारं कुटुंब काठी गावाच्या पलीकडच्या डोंगरातलं. त्या बाईची आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. तिसरा झाला तेव्हा बाळाला सुपात घालून ती आमच्या ओसरीवर आली. मुलं जगत नसली की दुसऱ्याला विकल्यासारखं करायचं, ही रीत आमच्याकडेही आहे. मी बाळ ओटीत घेतलं, सूपभर ज्वारी तिला दिली आणि बाळ सांभाळायला म्हणून पुन्हा तिच्याच हाती ठेवलं. नाव काय ठेवायचं, विचारलं. दगडाधोंड्याचं एखादं नाव सांगेल, असं मला वाटलं.

"तुम्हनं नाव," ती म्हणाली. "त्याले वाटाले पाहिजे, हाऊ मोठा घरना शे."

'त्याले' म्हणजे मरणाला. मरणाचा उच्चार ती करत नसे. तलवारी, घोडे, इनाम यांतलं तिला काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी जहागीरदार या शब्दाचा अर्थ एकच: ज्या घरातून लेकरं जात नाहीत ते घर. माझा एकुलता एक मुलगा तेव्हा अंगणात धडधाकट उभा होता.

पोर जगलं. आमचे जहागीरदार उघडेनागडे बांधावरून हुंदडायचे, नाक पुसायचीही शुद्ध नसायची. माझा मुलगा त्याला वाकून मुजरा करायचा. "माय, आपन नुसता आडनावना. खरा जहागीरदार हाऊ शे," म्हणायचा आणि त्याला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून गावभर फिरवून आणायचा.

गेल्या वर्षी त्याच मोटारसायकलवर विसरवाडीच्या अलीकडे माझा मुलगा ट्रकखाली गेला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

तेरावं झाल्यावर ती आली. चांगलं धावतं पोर कडेवर घेतलेलं आणि हातात ज्वारीने भरलेलं सूप. मला वाटलं, दुःखाच्या घरी काहीतरी घेऊन आली असेल. सूप माझ्यापुढे ठेवून ती खाली बघत राहिली.

"बाई, नाव परत ली ल्या."

मला कळेना. मग ती रडायलाच लागली. "त्याले आते हाई घर सापडनं ना!"

म्हणजे मरणाला आता आमचं घर सापडलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा मुलगा जाऊन महिना झाला नाही, आणि हिला आमचं नाव नकोसं झालं! "नाव म्हनजे काय उसनं भांडं शे?" मी ओरडले. पोराला तिने आणखी घट्ट धरलं. ते बघून माझा राग ओसरला. माझा मुलगा वाचेल, असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी आडनावच काय, घरदारही टाकून दिलं असतं.

तरीही ते नाव माझ्याच्याने सोडवत नव्हतं. तिची हाक शेतातून यायची, "जहागीरदार, ए जहागीरदार!" आणि कुणीतरी ओ द्यायचं. त्या नावाला ओ देणारं आता तेवढंच एक लेकरू उरलं होतं.

शेवटी मी सूप जवळ ओढलं, दिलेली ज्वारी परत घेतली. पोराला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. "आजपाईन तू तुन्ही मायना," म्हणाले. आईकडे जायचं सोडून ते माझ्या तोंडाकडे बघत बसलं.

"मंग ते नाव आते कोनले?" त्याने विचारलं.

"कोनलेच नही रे बाप्पा," मी म्हटलं आणि त्याला मांडीवरून खाली सोडलं.