तिच्या डब्यातल्या बाटल्या

बायको जाऊन आठ महिने झाले, तरी फ्रिजच्या दारातला तिच्या इन्सुलिनचा डबा मी हलवला नव्हता. रिकामाच होता. एका सकाळी उघडला, तर आत तीन इवल्याशा बाटल्या, तळाशी पांढरी पूड.

"माझ्या आहेत, अप्पा," मुलगा म्हणाला. "पेप्टाइड. गुडघ्यासाठी."

धावताना त्याचा गुडघा दुखावला होता. डॉक्टरनं सहा महिने व्यायाम सांगितला, ह्याला घाई. जिममधल्या कुणीतरी ऑनलाइन मागवून दिलं. पुडीत पाणी घालायचं आणि पोटात टोचायचं. किती, ते मोबाइलवर बघून.

मी चौथी पास. चिकपेटेतल्या दुकानात गिऱ्हाइकांना कापड फाडून देण्यात जन्म गेला. पण तिला सुई अकरा वर्षं मीच दिली. सवयीनं बाटलीवर तारीख शोधली. तारीख नाही, कंपनी नाही. नुसतं बारीक इंग्रजी. नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे घेऊन गेलो.

"अज्जा," तो मला कानडीत आजोबाच म्हणतो, "फक्त संशोधनासाठी, माणसाला देऊ नये, असं लिहिलंय. औषध म्हणून मंजुरीच नाही. मी विकलं तर माझं लायसन जाईल."

"गुण येतो का पण?"

"उंदरांना येतो म्हणतात. माणसांवर नीट तपासलेलं नाही."

घरी येऊन सांगितलं. मुलगा हसला. "तुमचा मेडिकलवाला काय शास्त्रज्ञ आहे?"

"तू तरी उंदीर आहेस का?"

"आईचं इन्सुलिनसुद्धा पेप्टाइडच होतं, अप्पा."

"ते डॉक्टरनं लिहून दिलेलं. बाटलीवर सगळं छापलेलं. ह्यावर काय आहे, माझं कपाळ?"

त्यानं शर्ट वर केला. पोटावर काळेनिळे डाग. "मला नीट जमत नाही. आई म्हणायची, तुमचा हात हलका आहे. द्या ना."

नाही म्हटलं. मग त्यानंच सुई भरली. आत बुडबुडा तसाच. चाळिशीच्या मुलावर हात थोडाच उगारणार? हिसकून फेकली, तर दुसरी मागवेल. तिचं ऐकायचा तो. माझं कधीच नाही.

सुई घेतली. बुडबुडा काढला, कातडी चिमटीत धरली आणि दिली.

"कळलंसुद्धा नाही," म्हणाला आणि लॅपटॉप उघडून कामाला बसला.

मी खुर्ची ओढून समोर बसलो. तिला सुई दिल्यावरही असाच बसायचो. घाम फुटला, हात थरथरले, की तोंडात साखर घालायची, एवढं मला ठाऊक होतं. ह्याला काय होईल, झालं तर काय द्यायचं, कुणाला विचारू?

उठलो आणि साखरेचा डबा तेवढा जवळ आणून ठेवला.