त्यांनी ऐकलेला हिरवा

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हा हा विषय सोडून बाकी सगळं बोलते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच असेल.

गोष्ट एका जुन्या मोटारसायकलच्या रंगाची आहे. रंगाचं काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मीही स्वतःला तेच सांगत राहिले. पुष्कळ दिवस.

माझे यजमान, सुधीर, ह्यांना हिरवा रंग कळत नाही. जन्मापासून. हिरवा, तपकिरी, गडद लाल — सगळं त्यांना एकाच जातीचं दिसतं. ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं, सोसायटीत कोणाला माहीत नाही. त्यांना त्याची लाज वाटते. घरात मात्र सरळ विचारतात. हा शर्ट कुठला गं? केळी पिकली का? मी सांगते. माझ्याआधी मेधा सांगायची.

मेधा म्हणजे त्यांची पहिली बायको. ती आजाराने गेली तेव्हा केतकी, त्यांची मुलगी, शाळेत होती. मी त्या घरात आले ती त्यानंतर. केतकीने मला कधी त्रास दिला नाही, हेही सांगून ठेवते. पहिल्या दिवसापासून 'अगं मावशी' म्हणायला लागली. रुसली तर माझ्यावर रुसायची आणि माझ्याच कुशीत यायची. आता लग्न होऊन ठाण्याला, वर्तकनगरमध्ये असते.

आणि मी? मी डोंबिवलीत एका मॅचिंग सेंटरमध्ये काम करते. लग्नाआधीपासून. बायका साडी घेऊन येतात, मी काउंटरवर पदर पसरते आणि मागे न बघता बरोबर त्याच छटेचा ब्लाउजपीस काढून देते. रामा ग्रीन, मेंदी, मोरपंखी, आमसुली, कॉफी. ट्यूबलाइटमध्ये कुठला रंग फसवतो आणि उन्हात कुठला उघडा पडतो, हे मला पाठ आहे. तेव्हा चुकून झालं, असं मला म्हणता येत नाही. रंगात माझी चूक होत नाही.

ती मोटारसायकल ठाकुर्लीला मेधाच्या भावाकडे शेडमध्ये पडून होती. त्याचं बैठं घर पाडून इमारत व्हायची होती, शेड रिकामी करायची होती. सुधीर नुकतेच रिटायर झालेले. टेम्पोत घालून गाडी तिथल्याच एका गॅरेजमध्ये नेली — मंगेश म्हणून एक जण जुन्या गाड्या नव्याने उभ्या करतो, त्याच्याकडे. टाकीवर मधल्या काळात कोणीतरी काळा रंग फासलेला, त्यालाही गंज चढलेला. मूळ रंग कुठेच उरला नव्हता.

"बाटलीसारखा हिरवा होता," सुधीर मंगेशला म्हणाले. लग्न ठरलं तेव्हा शोरूममध्ये मेधाने तो निवडलेला. विचार करा — त्या माणसाला तो हिरवा कधी दिसलाच नव्हता. त्याने तो फक्त ऐकला होता. तिच्या तोंडून.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना इंजिन, झोपताना सायलेन्सर. मी ऐकायचे. चांगलं वाटायचं, खरंच. रिटायर झालेला माणूस घरात नुसता बसून राहतो, त्यापेक्षा बरं. एका दुपारी ते म्हणाले, चल, आज हँडल आणि रंग ठरवायचाय, तुझे डोळे लागतील. मी दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन गेले.

मंगेशने तीन हँडलं काढून ठेवली होती. एक सरळ, काठीसारखं. एक पुढे झुकलेलं, शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं — हल्ली सगळे हेच लावतात, काका, असं तो म्हणाला. आणि एक उंच, दोन्ही बाजूंनी मागे वळलेलं. प्रत्येक हँडल तो नुसतं अडकवायचा आणि सुधीर सीटवर बसून डोळे मिटून ते धरायचे. पहिल्या दोन्हींना त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्यावर त्यांचे हात पडले आणि चेहराच बदलला. वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा दिसायला लागला तो. मी हा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"हाच," ते म्हणाले. "ह्यावर ताठ बसता येतं. मेधाची हनुवटी बरोबर इथे टेकायची." आणि उजव्या खांद्यावर हात ठेवला.

मंगेशने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन खाली बघून पाना शोधायला लागला. त्याचं ते खाली बघणं मला जास्त लागलं.

"तू बस ना मागे," सुधीर म्हणाले. "बघू."

मी बसले. माझी हनुवटी त्यांच्या पाठीला लागली. खांद्याच्या कितीतरी खाली.

"तू जरा बुटकी पडतेस गं," ते म्हणाले आणि हसले. मनात काही नव्हतं त्यांच्या. मीही हसले.

मग रंग. मंगेशने पत्र्याच्या तुकड्यांवर मारलेले नमुने आणले. मॅट घ्या काका, तोच चालतो आता, असं त्याचं चाललेलं. सुधीरना मॅट नको होता. चकाकी त्यांना कळते. टाकीत तोंड दिसलं पाहिजे, वर लॅकरचा हात हवा, बाजूला हाताने मारलेली सोनेरी रेघ हवी — हे सगळं त्यांनी स्वतः सांगितलं. फक्त रंगापाशी थांबले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाटली हिरवा कुठला?"

मी बरोबर तुकडा उचलून दिला. हो, बरोबर. त्या क्षणी मी रागाच्या भरात काही केलं असतं तर आज निदान तसं म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. मी घरी गेले, भाजी फोडणीला टाकली, शांत झोपले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून एकटीच ठाकुर्लीला गेले.

"कॉफी मार," मी मंगेशला म्हटलं.

"काकू, काकांनी ग्रीन सांगितलेला ना?"

"बदललं त्यांनी मत. आणि हे बघ — त्यांच्यासमोर रंगाचा विषय काढू नकोस. पहिल्या बायकोची गाडी आहे, त्यांना भरून येतं."

बिचारा. "नाही काढणार, काकू," म्हणाला.

कॉफीच का? कारण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सुधीरनी मला एक साडी आणलेली. मोठ्या हौसेने म्हणाले, तुला हिरवा शोभतो. साडी कॉफी रंगाची, गडद चॉकलेटी होती. दुकानदाराला विचारायची लाज वाटली असणार. मी त्यांना कळू दिलं नाही. दिवसभर ती हिरवी साडी नेसून मिरवले. माझ्या संसारातली सर्वांत गोड आठवण आहे ती — आणि तिच्यातूनच मला समजलेलं की कुठला रंग त्यांना फसवतो.

गाडी तयार झाली. सुधीर टाकीत तोंड बघत उभे राहिले. सोनेरी रेघेवरून बोट फिरवलं. मंगेशने विचारलं, "झालं ना काका मनासारखं?" ते म्हणाले, "जशी होती तशी." मंगेश खूश. ते खूश. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला वाईट वाटलं का? नाही. मला मजा वाटली. हे लिहायला हात जड होतोय, पण मजाच वाटली. मेधाने ह्यांच्या कानात घातलेला रंग मी पुसून टाकला आणि ह्यांना त्याचा पत्ताही नाही. रस्त्यातून जाताना ते भेटेल त्याला सांगायचे, ओरिजिनल कलर आहे. लोकांना काय माहीत ओरिजिनल कुठला? लोक म्हणायचे, वा! मी मागे बसलेली असायचे.

गाडी घरी आल्यावरच्या पहिल्याच रविवारी केतकी ती बघायला आली. तिला मूळ रंग आठवत होता. लहानपणी टाकीवर बसून फिरलेली ती. पार्किंगमध्ये आली आणि थबकलीच. गाडीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर हलवली नाही. तिला सगळं समजलं — मॅचिंग सेंटरमधली मावशी हिरव्याऐवजी चॉकलेटी बघून गप्प बसेल का?

"तोच ना?" सुधीरनी विचारलं.

त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता. ती तरी काय करणार?

"हो बाबा," ती म्हणाली. "तोच."

निघताना चपला घालता घालता मला म्हणाली, "येते मावशी. तुम्ही या कधीतरी ठाण्याला."

तुम्ही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

एवढंच असतं तरी मी कदाचित हे लिहिलं नसतं. खरी गोष्ट पुढेच आहे — मी मघापासून तिच्याभोवतीच फिरतेय.

जुन्या गाड्यांची हौस असणारे काही जण रविवारी सकाळी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ चहाला जमतात. सुधीर एकदा तिकडे गेले. जाताना गाडी दोनदा पुसली. दुपारी परत आले ते हेल्मेट हातात धरून दारातच उभे राहिले.

"ती चॉकलेटी आहे?" त्यांनी विचारलं.

मी हेल्मेट घ्यायला हात पुढे केला.

"तिथे एकाकडे अगदी हीच गाडी होती. हिरवी. मी म्हटलं, माझीही हिरवीच, कंपनीचा रंग. सगळे हसायला लागले. मग त्यांनी दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि म्हणाले, काका, नीट बघा. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या गं."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, गंमत केली. मीपण हसलो." पायातले बूट काढायचंही त्यांना सुचत नव्हतं. "तू पाहिला होतास ना रंग?"

हीच ती वेळ होती. खरं सांगता आलं असतं. नाहीतर मंगेशवर ढकलता आलं असतं — डबा चुकला म्हणून. तो वाईट खोटेपणा झाला असता, पण त्यात कोणाचं घर तुटलं नसतं. मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं, "मला आणल्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला सांगणारच होते. पण केतकी म्हणाली, राहू दे मावशी, बाबांना कुठे कळतंय."

राहू दे, बाबांना कुठे कळतंय.

हे वाक्य माझं होतं. मंगेशकडून परत येताना रिक्षात बसून मी मनात म्हटलेलं. शब्दन् शब्द. ते उचलून मी त्यांच्या मुलीच्या तोंडात ठेवलं.

त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला. "गाडीचा रंग तुला कळला होता?" एवढंच विचारलं. पलीकडे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला, बूट काढले, कोपऱ्यात नीट लावले.

"सॉरी म्हणाली," ते म्हणाले.

तिने माफी मागितली ती 'हो' म्हटल्याबद्दल. त्यांनी ऐकली ती त्या वाक्याबद्दल. मी मधे बसले होते, दोघांचंही मला समजत होतं, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला.

ठाण्यातला प्रकार मंगेशच्या कानावर गेला आणि त्याने, माझं नाव न काढता, पुन्हा रंगवून देतो म्हणून फोन केला, तर सुधीर म्हणाले, नको, मला काय फरक पडतो. मग कल्याणच्या कोणीतरी गाडी विकत नेली. केतकीला मुलगी झाली, बारशाला आम्ही गेलो. सुधीरनी बाळाच्या हातात चांदीचं कडं घातलं आणि जेवायला न थांबता निघाले. ठाण्याचं नाव निघालं की ते दुसऱ्या खोलीत जातात. मला मात्र फार जपतात आता. तू होतीस म्हणून, असं म्हणतात.

गेल्या आठवड्यात ते बँकेत गेले असताना केतकी आली. बाळाला सासूकडे ठेवून, एकटीच. मी चहा केला. ती पदराशी चाळा करत बसली आणि मग एकदम म्हणाली, "बाबा एवढे का तुटलेत माझ्यापासून? एका रंगासाठी? मी त्यांना दुखवायचं नाही म्हणून हो म्हटलं. तो रंग कोणी लावायला सांगितला तेही मी त्यांना कधी बोलले नाही. तुमचा संसार आहे म्हणून." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही एकदा सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"सांगते," मी म्हटलं.

ती गेली. थोड्या वेळाने सुधीर आले. टेबलावर दोन कप तसेच होते.

"कोण आलेलं?"

"वरच्या मजल्यावरच्या आलेल्या," मी म्हटलं, आणि कप विसळायला घेतले.